खाड्याची भरपाई : रग्बी लीगचे पहिले आंतरराष्ट्रीय खेळाडू

खेळ पैशासाठी नव्हे, आनंदासाठी खेळावा, हे वचन आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वचन थोर आहे, यात शंका नाही. परंतु ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याने खेळासाठी एक दिवस खाडा केला तर त्या दिवसाच्या भाकरीचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या वचनात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तर भागात हा प्रश्न इतका पेटला की, एका खेळाचे दोन खेळ झाले. त्यांपैकी जो नवा खेळ जन्माला आला तो रग्बी लीग. या खेळाच्या पहिल्या पिढीतील आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या जीवनाचा परामर्श घेणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे खेळाडू पैशाचे लोभी म्हणून हिणविले गेले. त्यांच्या कारकिर्दी नीट तपासल्या तर मात्र वेगळे चित्र दिसते.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. लंबगोल चेंडू हातात धरून धावत जायचे, प्रतिपक्षाच्या खेळाडूंनी कवळा घालून पाडण्यापूर्वी तो त्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, ही रग्बीची मूळ कल्पना. असा चेंडू टेकविण्याला 'ट्राय' म्हणतात. चेंडू पुढे फेकता येत नाही. तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. आपल्या महाविद्यालयीन जीवनात हा खेळ जवळजवळ अपरिचित असला, तरी आपल्या देशाशी त्याचा एक धागा जोडलेला आहे. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील रग्बी युनियनच्या सामन्यात जो 'कलकत्ता चषक' दिला जातो, तो कलकत्ता फुटबॉल क्लबाने बंद होताना आपल्या गंगाजळीतील चांदीचे रुपये वितळवून घडविला होता.

फुटीची पार्श्वभूमी

रग्बी हा मुळात इंग्लंडमधील श्रीमंतांच्या निवासी शाळांचा खेळ. तेथून तो यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांतील गिरण्या, कोळशाच्या खाणी आणि गोद्या यांच्या वस्तीत पोहोचला आणि पाहता पाहता कामगारांचा खेळ बनला. मैदानाभोवती हजारोंनी गर्दी जमू लागली. प्रवेशद्वारावर पैसा गोळा होऊ लागला. खेळणाऱ्याला मात्र त्यातील पैही घेण्याची मुभा नव्हती. कारण लंडनमधून कारभार पाहणाऱ्या रग्बी फुटबॉल युनियनच्या मते खेळाडू हा हौशीच असला पाहिजे.

अडचण अशी की, सामने शनिवारी होत आणि शनिवारी दुपारपर्यंत गिरणी चालू असे. परगावी सामना असला की कामगार खेळाडूला अर्ध्या दिवसाची, कधी पुऱ्या दिवसाची मजुरी सोडावी लागे. वकिलाला किंवा जमीनदाराच्या मुलाला हा प्रश्नच नव्हता. म्हणून सप्टेंबर १८९३ मध्ये यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी युनियनच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडला, की खेळापायी खरोखर बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना देऊ द्यावी. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की हा ठराव पगाराचा नव्हता. तो केवळ खाड्याच्या भरपाईचा होता. तरीही तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला.

अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. या नव्या संस्थेचे नाव नॉर्दर्न युनियन. रग्बी लीग हे नाव तिने १९२२ मध्ये घेतले. परंतु खेळ तोच असल्याने या लेखात सोयीसाठी आपण दोन्ही नावे वापरू. पहिल्या हंगामात २२ क्लब खेळले आणि खाड्याची भरपाई दिवसाला ६ शिलिंग अशी ठरली. १८९८ मध्ये उघड मानधनाला परवानगी मिळाली. तीही अशा अटीवर, की खेळाडूला दुसरा नियमित रोजगार असलाच पाहिजे. मद्यगृहातील वाढपी किंवा बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणारा यांसारखी कामे तर रोजगार म्हणून धरलीच जात नसत! म्हणजे बंडखोरांच्या मनातही नुसत्या खेळावर जगणाऱ्या माणसाविषयी संशय होताच.

खेळाडूला पैसे द्यायचे तर प्रेक्षक हवेत आणि प्रेक्षक हवेत तर खेळ वेगवान हवा. या साध्या व्यवहारातून नियम बदलत गेले. चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये फेकण्याची पद्धत १८९७ मध्ये रद्द झाली. १९०६ मध्ये संघातील खेळाडूंची संख्या १५ वरून १३ वर आली आणि पाडलेल्या खेळाडूने उठून चेंडू पायाने मागे सारून खेळ पुढे चालू करण्याची रीत आली. असा हा वेगळा खेळ आकारास आला.

रग्बी युनियनने याला दिलेले उत्तर कडक होते. जो नॉर्दर्न युनियनच्या संघातून खेळेल, तो रग्बी युनियनला जन्माचा मुकला. हा बहिष्कार लक्षात ठेवला म्हणजे पुढील खेळाडूंनी केवढी उडी घेतली याची कल्पना येते.

पहिला आंतरराष्ट्रीय सामना

या नव्या खेळाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना ५ एप्रिल १९०४ रोजी विगन येथील सेंट्रल पार्क मैदानावर झाला. तो खरे म्हणजे वर्षाच्या पहिल्याच दिवशी व्हावयाचा होता. परंतु मैदान गोठल्यामुळे पुढे ढकलावा लागला. एका बाजूला इंग्लंड होते. दुसऱ्या बाजूच्या संघाचे नाव मात्र चमत्कारिक होते : 'इतर राष्ट्रे'. प्रयोग म्हणून दोन्ही संघांत १२-१२ खेळाडू होते. 'इतर राष्ट्रे' ९-३ असे विजयी झाले.

या नावात एक सामाजिक इतिहास दडलेला आहे. या 'इतर राष्ट्रां'त भरणा होता तो वेल्समधील खेळाडूंचा, आणि त्यांच्या जोडीला होते स्कॉटिश. त्यांच्या मायदेशात नॉर्दर्न युनियनचा खेळ रुजलेला नव्हता. ही मंडळी रोजगार व मानधन यांच्या शोधात उत्तर इंग्लंडमध्ये आलेली होती. स्वान्सीचे डेव्हिड व एव्हन जेम्स हे बंधू १८९९ मध्ये वेल्सच्या युनियन संघातून खेळले आणि त्याच वर्षी ब्रॉटन रेंजर्स या क्लबाकडे निघून गेले. असे गाव सोडणाऱ्याला मायदेशाच्या संघाचे दार कायमचे बंद होई. तेव्हा घर सोडून आलेल्यांचा संघ, असेच त्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संघाचे वर्णन करावे लागेल.

वेलिंग्टनचा टपाल कारकून

खेळ खऱ्या अर्थाने समुद्रापार गेला तो एका तरुण कारकुनामुळे. आल्बर्ट हेन्री बास्करव्हिल हा न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या टपाल खात्यात नोकरीला होता. रग्बीचा तो जाणकार होता. १९०७ मध्ये आधुनिक रग्बीवरील त्याचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. त्याआधी १९०५ साली न्यूझीलंडच्या 'ऑल ब्लॅक्स' संघाने ब्रिटनचा गाजलेला दौरा केला होता. त्या दौऱ्यात मैदाने तुडुंब भरली आणि संघटनेच्या तिजोरीत मोठी रक्कम जमा झाली. खेळाडूंना मिळत होते दिवसाला ३ शिलिंग. कित्येक महिने कामधंदा सोडून गेलेल्या तरुणांना हा हिशेब खटकला नसता तरच नवल.

बास्करव्हिलने नॉर्दर्न युनियनशी पत्रव्यवहार केला आणि दौऱ्याची आखणी केली. येथे त्याच्या योजनेचे वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. कोणी धनिक मालक नव्हता. प्रत्येक खेळाडूने स्वतः ५० पौंड भरावयाचे आणि नफा वाटून घ्यावयाचा, अशी ती योजना होती. थोडक्यात, ही खेळाडूंची सहकारी संस्थाच होती. ५० पौंड ही त्या काळी कामगाराला सहज जमणारी रक्कम नव्हे. १९०५ च्या दौऱ्यातील ख्यातनाम धावपटू व विंग खेळाडू जॉर्ज स्मिथ बास्करव्हिलला येऊन मिळाला. न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने या सर्वांवर आजन्म बंदी घातली. सिडनीच्या वृत्तपत्रांनी 'ऑल ब्लॅक्स' या नावाचे विडंबन करून त्यांना 'ऑल गोल्ड्स', म्हणजे सोन्यामागे लागलेले, असे हिणविले. गंमत म्हणजे पुढे तेच नाव अभिमानाचे झाले.

संघ इंग्लंडकडे जाताना सिडनीत तीन सामने खेळला. तेही जुन्याच नियमांनी, कारण नव्या खेळाची माहिती कोणालाच पुरेशी नव्हती. लीड्सला पोहोचल्यावर आठवडाभर सराव करून या मंडळींनी नवा खेळ शिकून घेतला आणि ९ ऑक्टोबर १९०७ रोजी ब्रॅमलीविरुद्ध पहिला सामना जिंकलासुद्धा. १ जानेवारी १९०८ रोजी ॲबरडेअर येथे वेल्सने त्यांना ९-८ असे निसटते हरविले. वेल्सला आता आपला स्वतःचा संघ लाभला होता, हे ओघाने आलेच. नॉर्दर्न युनियनच्या संघाविरुद्धच्या कसोटी मालिकेत मात्र पाहुण्यांनी बाजी मारली. पहिली कसोटी ते १४-६ अशी हरले. लंडनमधील दुसरी १८-६ आणि चेल्टनहॅम येथील तिसरी ८-५ अशी जिंकून मालिका त्यांनी २-१ अशी खिशात घातली.

परतीच्या वाटेवर हा संघ ऑस्ट्रेलियात थांबला. ९ मे १९०८ रोजी सिडनी येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत बास्करव्हिल स्वतः खेळला, त्याने एक ट्रायही केला आणि न्यूझीलंडने ११-१० असा विजय मिळविला. पुढे संघ ब्रिस्बेनला गेला. तेथे त्याला न्यूमोनिया झाला आणि २० मे रोजी त्याचे निधन झाले. वय अवघे २५! नोकरी सोडून त्याने जो खेळ मायदेशी आणण्याचा ध्यास घेतला, त्या खेळाचा न्यूझीलंडच्या भूमीवरील पहिला सामना १३ जून १९०८ रोजी वेलिंग्टनमध्ये झाला, तो त्याच्या आईच्या मदतीसाठी. 'सोन्यामागे लागलेल्या' संघाच्या सूत्रधाराच्या घरची ही स्थिती होती.

सिडनीचा डॅली मेसेंजर

ऑस्ट्रेलियात या चळवळीला निमित्त झाले ते एका न्हाव्याच्या दुखापतीचे. ॲलेक्स बर्डन हा सिडनीचा रग्बी खेळाडू न्हाव्याचा व्यवसाय करी. १९०७ मध्ये खेळताना त्याला जबर दुखापत झाली. काम थांबले, मिळकत थांबली आणि संघटनेने भरपाई नाकारली. खेळाडूंत असंतोष पसरला. ८ ऑगस्ट १९०७ रोजी बेटमन्स हॉटेलात सभा होऊन न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना झाली. या संस्थेच्या पहिल्या पदाधिकाऱ्यांत एक नाव क्रिकेटप्रेमी वाचकांच्या चटकन ओळखीचे आहे : व्हिक्टर ट्रंपर. ऑस्ट्रेलियाचा हा थोर फलंदाज नव्या संस्थेचा खजिनदार झाला. जेम्स गिल्टिनन हा व्यावसायिक चिटणीस आणि हेन्री हॉइल अध्यक्ष, अशी ही त्रिमूर्ती होती.

संस्था झाली, पण लोक मैदानावर येणार कशासाठी? त्यासाठी डॅली मेसेंजर हवा होता. हर्बर्ट हेन्री मेसेंजर याचा जन्म १८८३ चा. त्याचे वडील नावाजलेले नौकापटू. सिडनीच्या बंदरावर त्यांचा नावांचा कारखाना होता. मेसेंजर सेंटरच्या जागी खेळे. लांबून अचूक लाथ मारून गोल करण्यात आणि प्रतिपक्षाला अनपेक्षित हुलकावणी देण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. तो काय करील याचा अंदाज त्याच्या सहकाऱ्यांनाही येत नसे म्हणतात. 'ऑल गोल्ड्स'विरुद्धच्या तीन सामन्यांसाठी त्याला १८० पौंड देऊ करण्यात आले. हा निर्णय त्याने आईच्या संमतीने घेतला, असे सांगतात. त्याचे नाव जाहीर झाले आणि प्रेक्षक लोटले. न्यूझीलंडच्या संघाने त्याला पाहुणा खेळाडू म्हणून इंग्लंडलाही नेले.

१९०८-०९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला 'कांगारू' संघ ब्रिटनला गेला. मेसेंजर त्यात होता आणि ज्याच्या दुखापतीतून सारे सुरू झाले तो बर्डनही होता. लंडनची पहिली कसोटी २२-२२ अशी बरोबरीत सुटली; पुढच्या दोन्ही ऑस्ट्रेलिया हरली. मैदानाबाहेरचा पराभव त्याहून मोठा होता. हिवाळा कडक होता, लँकेशायरच्या कापड गिरण्या तंट्यामुळे काही आठवडे बंद होत्या आणि ज्यांच्या खिशात मजुरी नाही ते प्रेक्षक तिकीट काढणार कोठून? दौरा बुडाला. परतीच्या भाड्यासाठी नॉर्दर्न युनियनची मदत घ्यावी लागली, आणि गिल्टिननचे दिवाळे निघाले. पैशाचा खेळ म्हणून ज्याची कुचेष्टा झाली त्या खेळातला पैसा असा कामगाराच्या मजुरीला बांधलेला होता.

मेसेंजरने १९११ च्या हंगामात सिडनीत २७० गुण मिळविले. हा विक्रम १९३५ पर्यंत टिकला. १९१३ मध्ये तो निवृत्त झाला. पुढे हॉटेल, केळीची बाग असे उद्योग त्याने करून पाहिले; परंतु मैदानावरचे यश त्यांत लाभले नाही. १९५९ मध्ये तो वारला. ऑस्ट्रेलियातील लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणारे पदक आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

ऑलिंपिक विजेत्याची उडी

मेसेंजरची कारकीर्द जितकी झगमगीत, तितकीच क्रिस मॅकिव्हॅटची बोलकी. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रग्बी युनियनचा सामना झाला. त्यात ऑस्ट्रेलियाने ब्रिटनच्या वतीने खेळणाऱ्या कॉर्नवॉलचा ३२-३ असा फडशा पाडून सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचा कर्णधार मॅकिव्हॅट. हौशी खेळाचा याहून मोठा सन्मान तो कोणता? आणि तरीही पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, तो व त्याचे डझनाहून अधिक सहकारी रग्बी लीगमध्ये दाखल झाले. 'कांगारू' आणि हे युनियनचे माजी खेळाडू यांच्यात सामने ठेवण्यात आले आणि बुडू पाहणारी नवी संस्था त्या सामन्यांच्या उत्पन्नाने सावरली.

१९११-१२ च्या दौऱ्यात मॅकिव्हॅटच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलेशियाच्या संघाने दोन कसोट्या जिंकल्या, एक बरोबरीत सोडविली आणि इंग्लंडच्या भूमीवर ॲशेस जिंकली. तसा पराक्रम पुन्हा घडण्यास १९६३ साल उजाडावे लागले. दोन्ही खेळांत कांगारूंच्या देशाचे दौऱ्यावर नेतृत्व करणारा हा एकमेव कर्णधार. सुवर्णपदकाने मान मिळतो, घर चालत नाही, हे त्याच्या निर्णयातून जेवढे स्पष्ट होते तेवढे कोणत्याही भाषणातून होणार नाही.

खेळाडूची किंमत

आता इंग्लंडकडे वळू. १९१० मध्ये ब्रिटिश संघ प्रथमच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. त्याचा कर्णधार जेम्स लोमस हा कंबरलंडमधील मेरीपोर्टचा, गोदीत काम केलेला दणकट गडी. सिडनीची पहिली कसोटी ब्रिटनने २७-२० आणि ब्रिस्बेनची दुसरी २२-१७ अशी जिंकली. दुसऱ्या कसोटीत विगनच्या जिम लेथमने चार ट्राय केले. दुर्दैवाने हा लेथम १९१६ मध्ये मासेमारी करताना नदीत बुडून मरण पावला.

लोमसचे नाव इतिहासात आणखी एका कारणाने राहिले. १९०१ मध्ये सॅलफर्ड क्लबाने ब्रॅमलीकडून त्याला १०० पौंडांना घेतले. या खेळातील १०० पौंडांचा तो पहिला व्यवहार. दहा वर्षांनी ओल्डहॅमने त्याच्यासाठी ३०० पौंड मोजले. १९१३ मध्ये हल क्लबाने बिली बॅटन या खाणकामगारांच्या वस्तीतून आलेल्या सेंटरसाठी ६०० पौंड दिले. २० शिलिंगांचा एक पौंड, हे ध्यानात घेऊन हिशेब केला, तर दिवसाच्या ६ शिलिंग भरपाईच्या दराने ६०० पौंड म्हणजे २,००० खाडे होतात! परंतु ही रक्कम जाई एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाकडे, खेळाडूकडे नव्हे. ज्या खेळाचा जन्म कामगाराच्या हक्कासाठी झाला, त्याच खेळात पंधरा-वीस वर्षांच्या आत कामगार खेळाडू ही खरेदी-विक्रीची वस्तूही बनला. बॅटनसारख्या थोड्यांनी सामन्यामागे १४ पौंडांपर्यंत मानधन मिळविले खरे. बाकीचे बहुसंख्य सोमवारी सकाळी पुन्हा खाणीत किंवा गिरणीत हजर असत. लेखाच्या आरंभी या खेळाडूंच्या बाजूने बोललो, म्हणून ही दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे.

वॅगस्टाफ आणि त्याचे दहा गडी

या पिढीचा मुकुटमणी म्हणजे हॅरॉल्ड वॅगस्टाफ. यॉर्कशायरमधील होमफर्थचा हा मुलगा हडर्सफील्ड क्लबाने पाच सुवर्णमुद्रा देऊन करारबद्ध केला, आणि १९०६ मध्ये तो क्लबाकडून पहिला सामना खेळला, तेव्हा त्याचे वय होते अवघे १५ वर्षे. १७ व्या वर्षी, १९०९ मध्ये, तो इंग्लंडकडून खेळला. पुढे तो 'सेंटर खेळाडूंचा राजपुत्र' म्हणून ओळखला गेला. १९१४-१५ च्या हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली हडर्सफील्डने उपलब्ध असलेले चारही चषक जिंकले.

१९१४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तीन कसोट्या आठ दिवसांत ठेवण्यात आल्या : २७ जून, २९ जून आणि ४ जुलै. जखमी खेळाडूंनी बेजार झालेल्या ब्रिटिश संघाने हरकत घेतली. परंतु मायदेशाहून तार आली, की खेळलेच पाहिजे. मालिका १-१ अशी बरोबरीत होती. त्या काळी जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेता येत नसे. तिसऱ्या कसोटीत विंगर फ्रँक विल्यम्स जायबंदी झाला. नंतर फॉरवर्ड डग्लस क्लार्कचा अंगठा मोडला. तो बांधून तो खेळत राहिला, तोच गळ्याचे हाड सरकून त्याला बाहेर जावे लागले. मग बिली हॉल डोक्याला मार लागून कोसळला. तेराचे दहा राहिले. समोर पुरे तेरा. अशा स्थितीत वॅगस्टाफने हल्ला चढविला आणि चिक जॉन्सन या फॉरवर्डने, जो विल्यम्सच्या जागी विंगवर उभा होता, चेंडू पायाने पुढे रेटीत नेऊन ट्राय केला. ब्रिटनने सामना १४-६ असा जिंकला. इंग्रजी वृत्तपत्रांनी या सामन्याला झुलू युद्धातील रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईचे नाव दिले. साम्राज्याच्या अभिमानाने दिलेले ते नाव आपण बाजूला ठेवू. परंतु ते दहा गडी कोण होते हे विसरता येत नाही. ते होते खाणीतले, गिरणीतले आणि गोदीतले लोक.

महिन्याभरात महायुद्ध सुरू झाले. येथे एक मार्मिक गोष्ट घडली. लष्करात भरती झालेल्या लीगच्या खेळाडूंना रग्बी युनियनने सैनिक म्हणून आपल्या सामन्यांत खेळू दिले. वॅगस्टाफ, क्लार्क आदी हडर्सफील्डचे खेळाडू लष्कराच्या पुरवठा दलाच्या संघातून युनियनचे सामने खेळले आणि त्यांनी प्रतिपक्षांना सळो की पळो करून सोडले. युद्ध संपले, आणि बंदी पुन्हा जशीच्या तशी लागू झाली. देशासाठी मरायला जो चालतो तो शांततेत एका मैदानावर चालत नाही, असा हा न्याय होता.

पुढे काय झाले?

खेळाडूची खरी परीक्षा खेळ संपल्यावर होते. डग्लस क्लार्कने १९१७ मध्ये पाशेन्डेलच्या रणांगणावर लष्करी पदक मिळविले. विषारी वायूने त्याची फुप्फुसे जायबंदी केली. तरीही तो मैदानावर परतला, १९२० च्या दौऱ्यावर गेला आणि नंतर कुस्तीच्या आखाड्यातही त्याने नाव कमावले. 'ऑल गोल्ड्स'पैकी जम टर्टिल इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्स क्लबाकडे राहिला होता. ९ एप्रिल १९१८ रोजी तो फ्रान्समध्ये मारला गेला. लान्स टॉड विगनकडे राहिला, पुढे सॅलफर्डचा यशस्वी व्यवस्थापक झाला आणि १९४२ मध्ये मोटार अपघातात वारला. चॅलेंज कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूस १९४६ पासून त्याच्या नावाचे पारितोषिक दिले जाते.

सिडनीचा आल्बर्ट रोझेनफेल्ड १९०८ च्या 'कांगारू' संघातून आला आणि हडर्सफील्डचाच झाला. १९१३-१४ च्या एका हंगामात त्याने ८० ट्राय केले. या विक्रमाला अद्याप कोणी हात लावू शकलेले नाही. एवढा विक्रमवीर, परंतु निवृत्तीनंतर त्याच गावात कष्टाची नोकरी करून त्याने संसार केला. १९७० मध्ये तो वारला, तेव्हा त्या पहिल्या संघातील तो शेवटचा साक्षीदार होता. स्वतः वॅगस्टाफ १९२५ मध्ये निवृत्त झाला, मद्यगृह चालवू लागला आणि १९३९ मध्ये ४८ व्या वर्षी निवर्तला.

समारोप

या सर्व कारकिर्दी एकत्र ठेवून पाहिल्या तर काय दिसते? कोणीही गडगंज झाला नाही. बास्करव्हिलच्या आईसाठी मदतीचा सामना ठेवावा लागला, गिल्टिननचे दिवाळे निघाले, रोझेनफेल्ड कष्ट करीत राहिला. 'पैशासाठी खेळ विकला' हा आरोप त्यांच्या आयुष्याच्या जमाखर्चात कोठेच बसत नाही. त्यांनी मागितले ते एवढेच, की आमच्या खेळाने तिजोरी भरत असेल तर आमचा बुडालेला दिवस तेवढा भरून द्या. हौस ही गोष्ट मोठी खरी. परंतु हौशीपणाचा नियम जेव्हा सर्वांना सारखा लावला जातो, तेव्हा तो ज्याला परवडतो त्यालाच मैदान मोकळे राहते आणि बाकीच्यांना कुंपणाबाहेर उभे राहावे लागते. नियम दिसायला नीतीचा असतो. काम मात्र कुंपणाचे करतो.

२७ ऑगस्ट १९९५ रोजी रग्बी युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने आपला खेळ व्यावसायिकांना खुला केला. हडर्सफील्डच्या त्या सभेला शंभर वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा दोन दिवस उरले होते. ज्या मागणीसाठी चार-पाच पिढ्यांतील खेळाडू बहिष्कृत झाले, ती मागणी अशा रीतीने शेवटी मान्य झाली. मान्य झाल्याचे पाहायला पहिल्या पिढीतील कोणी उरले नव्हते.

आपल्या महाविद्यालयाच्या संघातही असा एखादा गुणी मुलगा असतो, जो सरावाला नियमित येत नाही. त्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्यापूर्वी त्याचा खाडा कोण भरून देतो, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनीही स्वतःला विचारला, तर विगनच्या आणि सिडनीच्या त्या दूरच्या खेळाडूंचा इतिहास वाचल्याचे सार्थक होईल.